कोंबडा हट्टी की उपाशी?
परसातील कोंबड्याचा आहार आणि पचन यांविषयी थोडेसे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बोईसर पूर्वेकडील एका कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. चाळीच्या मागे जी थोडी मोकळी जागा होती, तेथे जाळी बांधून घरातील आजींनी सहा कोंबड्या आणि एक तांबडा गावरान कोंबडा पाळला होता. अंडी आणि पिल्ले विकून जे चार पैसे मिळत, त्यांतून नातवाच्या शाळेचा किरकोळ खर्च भागत असे. परंतु आजी चिंतेत होत्या. दोन महिन्यांपासून खुडुक कोंबडीखाली ठेवलेली बहुतेक अंडी वाया जात होती आणि कोंबडा दिवसेंदिवस वाळत चालला होता.

“भाऊ, घरात सगळं आहे हो,” त्या म्हणाल्या, “मका आहे, कणी आहे, बाजारातलं खाद्यही आणलं. पण ह्याला काही म्हणून चालत नाही. शिजलेला पांढरा भात टाकला, नाहीतर फरसाण टाकलं, तरच चोच लावतो. फार हट्टी झालाय.”

कोंबडा खरोखर हट्टी होता काय? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, डहाणू या पट्ट्यात आजही अनेक कुटुंबे परसात पाच-दहा कोंबड्या बाळगून असतात. अशा छोट्या कळपात बहुधा एकच कोंबडा असतो. तो अशक्त झाला की अंडी फळत नाहीत, पिल्ले होत नाहीत आणि वर्षभराची जमवाजमव विस्कटते. म्हणूनच खाण्याबाबत ‘नखरे’ करणाऱ्या कोंबड्याकडे कसे पाहावे आणि त्याचे पोट पुन्हा कसे मार्गावर आणावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कोंबड्याला चव कळते काय?

आपण माणसाच्या मापाने विचार करतो आणि कोंबड्याला मक्याचा कंटाळा आला असेल असे मानतो. वस्तुस्थिती निराळी आहे. माणसाच्या तोंडात चव ओळखणाऱ्या कलिका हजारोंच्या संख्येने असतात. कोंबडीच्या तोंडात त्या केवळ काही शेकडा असतात. गोड चव ओळखण्यासाठी जो ग्राहक लागतो, त्याचे जनुकच कोंबडीत नसते. कडू आणि खारट मात्र तिला कळते. याउलट तिची दृष्टी अतिशय तीक्ष्ण असते. म्हणून कोंबडा खाद्य निवडतो ते प्रामुख्याने डोळ्यांनी आणि चोचीच्या स्पर्शाने. दाण्याचा आकार, रंग, चमक आणि त्याची ओळख या गोष्टी त्याच्या लेखी महत्त्वाच्या असतात. पांढरा, ओलसर, चोचीत सहज मावणारा भाताचा दाणा त्याला चटकन दिसतो आणि उचलता येतो. खाद्याची कोरडी भुकटी मात्र चोचीला चिकटते, म्हणून तो ती मागे ठेवतो. जे रोज हातून मिळते तेच खाद्य, अशी त्याची समजूत होते आणि नवीन पदार्थाकडे तो संशयाने पाहतो.

दुसरी गोष्ट त्याच्या स्वभावाची आहे. कोंबडा खाद्य पाहताच विशिष्ट ‘कुक्-कुक्’ असा आवाज काढतो, दाणा चोचीत उचलतो, पुन्हा खाली टाकतो आणि कोंबड्यांना बोलावतो. त्या धावत येऊन दाणा खातात आणि तो बाजूला उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटते, दाणा आवडला नाही म्हणून टाकला. वास्तविक तो आपल्या कळपाला वाढत असतो! कळपात कोंबड्या अधिक आणि खाद्याचे भांडे एकच असेल, तर असा कोंबडा भरल्या घरात उपाशी राहतो. आजींच्या कोंबड्याचे काही अंशी हेच झाले होते.

चोचीपासून विष्ठेपर्यंत

पचन सुधारावयाचे तर ते चालते कसे, हे आधी जाणून घेतले पाहिजे. कोंबड्याला दात नसतात. चोचीने टिपलेला दाणा अन्ननलिकेतून गळ्याखालच्या पिशवीत जातो. तेथे तो ओला व मऊ होतो. तेथून तो जठराच्या पहिल्या भागात येतो व त्यात पाचक रस मिसळतात. पुढे येते ती पेषणी, म्हणजेच खाटकाकडे आपण ‘कलेजी-पेठा’ मागतो त्यातला पेठा. हा जाड स्नायूंचा अवयव म्हणजे कोंबडीचे जाते होय. कोंबडीने गिळलेले बारीक खडे या जात्यात राहतात आणि त्यांच्या साहाय्याने दाणा भरडला जातो.

जो कोंबडा मोकळा फिरतो, तो असे खडे स्वतःच शोधून गिळतो. परंतु चाळीतील सिमेंटच्या जमिनीवर किंवा जाळीत बंद असलेल्या कोंबड्याला ते कोठून मिळणार? खडे नसले की अख्खा मका किंवा भाताचा दाणा नीट भरडला जात नाही, पोट जड राहते, आणि पक्षी हळूहळू मऊ भाताकडे वळतो. आपण त्याला नखरा म्हणतो. वास्तविक तो आपल्या पोटाला सोसेल तेच खात असतो. यासाठी तुरीच्या डाळीएवढी नदीची बारीक खडी धुऊन एका वाटीत कायम ठेवावी. केळवे, माहीम किंवा चिंचणीच्या किनाऱ्यावरील वाळू आणायची झाल्यास ती गोड्या पाण्याने अनेकदा धुवावी, कारण तिच्यातील मीठ अपायकारक ठरते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. किनाऱ्यावरील घरांतून शिंपल्यांचा चुरा कोंबड्यांना घालण्याची जुनी रीत आहे. अंड्यावरच्या कोंबडीला तो उत्तमच, कारण अंड्याच्या कवचासाठी तिला भरपूर कॅल्शियम लागते. पण शिंपल्याचा चुरा पोटात विरघळतो. तो खड्याचे काम करीत नाही. शिवाय कोंबडा अंडी देत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, तर कोंबड्याला एक टक्क्याच्या आसपास पुरेसे होते. दीर्घकाळ जादा कॅल्शियम पोटात गेल्यास त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवावा. ज्या कोंबडीला हवा, ती तो खाईल.

केवळ पांढऱ्या भाताने काय होते?

आपला प्रदेश भाताचा. उरलेला भात कोंबड्यांना टाकणे ही घरोघरची पद्धत आहे आणि थोड्या प्रमाणात तिच्यात काही वाईट नाही. परंतु केवळ पांढऱ्या भातावर ठेवलेल्या कोंबडीचे काय होते, हे जगाला एका प्रसिद्ध प्रसंगातून कळले. योगायोग असा की तो प्रसंगही भातखाऊ देशातच घडला.

जावा बेटावरील बटाविया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे ख्रिस्तियान आईकमन हे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे संशोधन करीत होते. या रोगात माणसाचे पाय लुळे पडत. १८८९ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना अचानक तसाच आजार जडला. त्या लटपटू लागल्या, त्यांना उभे राहवेना. काही महिन्यांनी, कोणताही उपचार न करता, त्या बऱ्याही झाल्या. चौकशी करता असे आढळले की, मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडलेला, पांढरा, शिजवलेला भात घातला जात होता. पुढे नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्यास त्याने नकार दिला. मग कोंबड्या पुन्हा कोंडा असलेल्या साध्या तांदळावर आल्या आणि खडखडीत बऱ्या झाल्या. तांदळावरचा पातळ कोंडा निघून गेला की त्याबरोबर काही जीवनावश्यक द्रव्य निघून जाते, हे पुढे त्यांचे सहकारी खेरित ख्रेन्स यांनी १९०१ साली स्पष्ट केले. तेच द्रव्य आज आपण ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणून ओळखतो. आईकमन यांना या कार्याबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आपल्या आजी-पणजींच्या काळी तांदूळ उखळात किंवा घरच्या जात्यावर तयार होई आणि कोंडा आपोआप कोंबड्यांच्या वाट्याला येई. आज गिरणीतून पांढराशुभ्र तांदूळ घरी येतो आणि कोंडा गिरणीतच राहतो. म्हणून गिरणीवाल्याकडून कोंडा मुद्दाम मागून आणावा. मात्र तूस आणि कोंडा यांत गल्लत करू नये. तूस हे भाताचे टरफल. त्यात पोषण जवळजवळ नाही. कोंड्यात तेल असल्यामुळे तो लवकर खवट होतो. तेव्हा थोडाच आणावा आणि दोन आठवड्यांच्या आत संपवावा.

योग्य आहार कोणता?

दोन-सव्वादोन किलो वजनाच्या गावरान कोंबड्याला दिवसाला साधारणतः १०० ते १२० ग्रॅम कोरडे खाद्य पुरते. त्यात प्रथिनांचे प्रमाण १४ ते १६ टक्के असावे. भातात ते फारच कमी असते. घरी १० किलो मिश्रण करावयाचे झाल्यास पुढील प्रमाण सोयीचे पडेल: मक्याचा भरडा साडेचार किलो, तांदळाची कणी दीड किलो, कोंडा दीड किलो, सोयाबीनची पेंड १ किलो २०० ग्रॅम, नाचणी ६०० ग्रॅम, वाळवलेला जवळा किंवा सुकट ५०० ग्रॅम आणि पशुवैद्यकीय दुकानात मिळणारे खनिज मिश्रण २०० ग्रॅम. मिश्रण नको असेल तर बाजारातील वाढत्या कोंबड्यांसाठीचे तयार खाद्य घ्यावे. अंड्यावरच्या कोंबड्यांचे घेऊ नये.

सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्यावर सुकट स्वस्त मिळते आणि प्रथिनांचा तो उत्तम साठा आहे. पण मिठात खारवलेली मासळी कोंबड्याला देऊ नये. मिठाने त्याला तहान लागते, पातळ हगवण होते आणि प्रमाण वाढल्यास जीवही जातो. नुसता उन्हात वाळवलेला जवळा घ्यावा. शंका असल्यास पाण्यात भिजवून, धुऊन, पुन्हा सुकवून मगच मिसळावा. याच कारणासाठी फरसाण, वेफर्स, वडापावचे तुकडे वर्ज्य मानावेत. कच्चा राजमा, बटाट्याच्या हिरव्या साली, चॉकलेट आणि अव्होकाडो हेही टाळावे.

हिरव्या पाल्यात शेवग्याची पाने, कोथिंबिरीचे देठ, पालक, कोबीची बाहेरची पाने चिरून द्यावीत. लांब गवत मात्र घालू नये. ते गळ्याच्या पिशवीत गुंतते. आठवड्यातून दोनदा चमचाभर दही चालेल. दूध मात्र कोंबड्यांना नीट पचत नाही.

हट्ट कसा मोडावा?

एका दिवसात खाद्य बदलू नये. पक्षी खाणेच सोडील आणि पोटही बिघडेल. त्याऐवजी आठ ते दहा दिवसांचा क्रम ठेवावा. पहिले तीन दिवस तीन भाग भातात एक भाग नवे मिश्रण कालवावे. पुढील तीन दिवस दोन्ही निम्मे-निम्मे. त्यानंतर मिश्रण तीन भाग आणि भात एक भाग. मिश्रण किंचित पाणी शिंपडून ओलसर करावे, म्हणजे भुकटी दाण्यांना चिकटते आणि कोंबड्याला आवडीचे दाणे तेवढे वेचता येत नाहीत. ओले खाद्य आपल्या दमट हवेत लवकर आंबते व त्यास बुरशी धरते, म्हणून दोन-तीन तासांत उरलेले काढून भांडे धुवावे.

वेळेलाही महत्त्व आहे. कोंबडा सकाळी उजाडताच आणि सूर्यास्तापूर्वी सर्वांत अधिक खातो. सकाळच्या भुकेच्या वेळी नवे मिश्रण द्यावे. आवडीचा मूठभर भात किंवा मका संध्याकाळी, मिश्रण खाल्ल्यानंतरच द्यावा. दिवसभर येता-जाता काहीबाही टाकण्याची सवय घरातील सर्वांनीच मोडावी. लहान मुलांना हे विशेष समजावून सांगावे लागते!

कळपाला वाढून स्वतः उपाशी राहणाऱ्या कोंबड्यासाठी दोन उपाय आहेत. एक, सकाळी अर्धा तास त्याला टोपलीखाली किंवा वेगळ्या खुराड्यात एकट्याने खाऊ द्यावे. दोन, त्याचे भांडे कोंबड्यांची मान पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगावे. कोंबडा उंच असल्याने त्याला ते सहज साधते. मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांतही हीच युक्ती वापरतात.

पाणी, बुरशी आणि जंत

कोंबडा खाद्याच्या सुमारे दुप्पट वजनाचे पाणी पितो; एप्रिल-मे महिन्यांत त्याहूनही अधिक. पाणी कमी पडले की खाणेही घटते. बोईसर-तारापूरच्या रहिवाशांनी याबाबत विशेष दक्ष राहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राची गणना देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली होती. नाल्याचे किंवा रस्त्याकडेला साचलेले पाणी कोंबड्यांनी पिऊ नये, यासाठी घरचेच पिण्याचे पाणी स्वच्छ भांड्यात, सावलीत, दिवसातून दोनदा बदलून ठेवावे. जे त्यांच्या पोटात जाते, ते काही अंशी अंड्यांतून आपल्याही ताटात येते.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत खाद्याला बुरशी धरते. मका आणि शेंगदाण्याची पेंड यांवर वाढणारी एक बुरशी यकृत निकामी करणारे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच बुरशीग्रस्त शेंगदाणा पेंडीमुळे सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले आणि तेव्हाच या विषाचा शोध लागला. बुरशी झटकून किंवा खाद्य उन्हात वाळवून हे विष जात नाही. कुबट वास येणारे खाद्य फेकूनच द्यावे. पोते भिंतीला टेकवून जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावे, अथवा झाकणाच्या कोरड्या पिंपात भरावे.

खाऊनही वाळणाऱ्या पक्ष्याच्या पोटात बहुधा जंत असतात. ओल्या जमिनीवर ते लवकर पसरतात. जंतांचे औषध कोणते व किती, हे पक्ष्याच्या वजनावर ठरते. ते पशुवैद्यकांना विचारूनच द्यावे. माणसांच्या उरलेल्या गोळ्या कदापि देऊ नयेत.

घरच्या घरी तपासणी

कोंबडा हट्टी आहे की आजारी, हे ओळखण्याच्या तीन सोप्या खुणा आहेत.

पहिली खूण गळ्याखालच्या पिशवीची. रात्री कोंबडा बसल्यावर ती भरलेली आणि सकाळी खाण्यापूर्वी रिकामी असावी. रात्रीच रिकामी असेल तर तो दिवसभर जेवलेलाच नाही. सकाळीही ती भरलेली व टणक असेल तर गवत, दोरा वा प्लास्टिक अडकले असण्याचा संभव आहे. पिलपिलीत असून चोचीला आंबट वास येत असेल तर आत अन्न आंबले आहे. अशा वेळी पक्ष्याला उलटे धरून पिशवी दाबू नये. पाणी फुप्फुसात जाऊन तो तत्काळ मरू शकतो. दाणे बंद करून पाणी द्यावे व दवाखान्यात न्यावे.

दुसरी खूण छातीच्या हाडाची. हात फिरवल्यावर हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस लागले पाहिजे. हाड सुरीच्या धारेसारखे हाताला टोचत असेल तर कोंबडा खंगला आहे. पिसांमुळे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दर आठवड्याला एकाच वेळी वजन करून वहीत लिहून ठेवावे.

तिसरी खूण विष्ठेची. घट्ट तपकिरी विष्ठा आणि तिच्यावर पांढरा भाग, हे आरोग्याचे लक्षण होय. दिवसातून एक-दोनदा चिकट, गडद व दुर्गंधीयुक्त विष्ठा पडते, तीही स्वाभाविकच आहे. परंतु हिरवी पातळ विष्ठा, रक्त किंवा जंत दिसल्यास थांबू नये.

पूर्ण एक दिवस काहीही न खाणे, तुरा निळसर किंवा फिका पडणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, मान वाकडी होणे ही गंभीर लक्षणे आहेत. मान वाकडी होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. तिच्यावर औषध नाही. लस हाच उपाय. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस टोचून घ्यावी. एकाच वेळी अनेक पक्षी मरू लागले तर मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नये, ते विकू वा खाऊ नयेत. लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवावे. भारतात कोंबड्यांतील बर्ड फ्लू प्रथम २००६ साली आपल्याच राज्यात, नवापूर येथे आढळला होता आणि २०२२ साली तो शहापूर व वसई-विरार परिसरातही आला होता, याचे विस्मरण होऊ नये.

मदतीसाठी जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्रातही मार्गदर्शनासाठी चौकशी करता येईल.

आता आजींच्या कोंबड्याविषयी. दवाखान्यात तपासल्यावर त्याच्या पोटात जंत निघाले. औषध दिले गेले, खड्यांची वाटी ठेवली गेली, सकाळचा अर्धा तास तो टोपलीखाली एकटा जेवू लागला आणि भाताच्या जागी हळूहळू मिश्रण आले. पहिले चार दिवस त्याने आजींना बराच त्रास दिला. दहाव्या दिवशी भांडे रिकामे झाले. दीड महिन्यात त्याचे वजन एक किलो सातशे ग्रॅमवरून दोन किलो शंभर ग्रॅमवर आले. नाताळच्या सुमारास पुन्हा भेट झाली तेव्हा एका कोंबडीमागे नऊ पिल्ले फिरत होती.

“अजून भात मागतो का?” असे विचारले. आजी हसून म्हणाल्या, “मागतो ना! संध्याकाळी मूठभर देते. पण भाऊ, एवढे दिवस मी त्याला उगाच बोल लावत होते.”

आपल्याही परसातील एखादा कोंबडा दाणा टाकून उभा राहत असेल, तर आज रात्री तो बसल्यावर त्याच्या गळ्याखाली आणि छातीच्या हाडावर एकदा हात फिरवून पाहावा, ही सर्व वाचकांना विनंती.